शनिवारची दोरी

शनिवारी सकाळी गुंडूने आमच्या गल्लीभोवतीची दोरी कापली. उसाचा कोयता घेऊन तो या बांबूपासून त्या बांबूपर्यंत चालत गेला, प्रत्येक ठिकाणी एकेक घाव घातला आणि बांबू मोडून गटारात टाकले. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. मी खिडकीतून पाहत होतो. चष्मा आणि चप्पल शोधून, थोडा धीर गोळा करून बाहेर पडेपर्यंत त्याचं काम उरकलंही होतं.

रागावणं माझ्या स्वभावात नाही. माझी सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, आणि तिथे आवाज चढवणाऱ्याला बाहेर काढायचं कामसुद्धा मी शिपायाकडून करून घेत असे. पण त्या दिवशीचं लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. नीट लिहिता येईल की नाही, ही शंका आहेच.

आमची गल्ली शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, माळाच्या कडेला आहे. फाउंड्रीची काळी वाळू वाऱ्याबरोबर येते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. गल्लीच्या तोंडाशी दिव्यांग मुलांची शाळा आहे, शेजारी तिचं रिकामं पडलेलं वसतिगृह. या हिवाळ्यात त्या वसतिगृहात अमेरिकेतल्या एका ज्यू विद्यापीठाचे काही विद्यार्थी राहायला आले. फिजिओथेरपी शिकणारी मुलंमुली. शाळेचा संचालक अभिराम हा माझ्या कॉलेजचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, तुम्हाला इंग्रजी येतं आणि या लोकांच्या धर्माचं तुम्ही काहीतरी वाचलेलं असणारच. दुभाषी म्हणून या."

वाचलेलं होतं. पण पुस्तकातली माणसं समोर येऊन "नमस्ते सर" म्हणू लागली, की मला बोलायला सुचत नाही. पहिले काही दिवस मी नुसता मान हलवत होतो.

आठवडाभर ही मुलं शाळेत काम करत. मुलांचे पाय चोळून देत, आखडलेले हात सोडवत, आयांना व्यायाम शिकवत. शनिवारचं मात्र वेगळं होतं. त्यांच्या विद्यापीठात एक प्रघात आहे. ज्या घरातलं मूल किंवा म्हातारं माणूस एकट्याने बाहेर पडू शकत नाही, त्या घरी शनिवारी दुपारी विद्यार्थी जातात. उपचाराला नव्हे, सोबतीला. त्याला बाहेर काढतात, फिरवतात, त्याच्याशी गप्पा मारतात. वर्षानुवर्षं चालू आहे म्हणे. या मुलांची म्होरकी हदासा नावाची मुलगी होती. उंच, लांब परकर घालणारी, मराठीतला 'हळूहळू' एवढा एकच शब्द येणारी. तिला हेच काम इथेही करायचं होतं.

अभिरामला ते पसंत नव्हतं. कारण शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ही मुलं लिहीत नाहीत, दिवा लावत नाहीत, फोनला हात लावत नाहीत. "म्हणजे फोटो नाही," अभिराम म्हणाला. "फोटो नाही तर काम झालं हे मानणार कोण?" माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडचं हे वाक्य.

पण खरी अडचण निराळीच होती. शब्बाथला घराबाहेर काही उचलून न्यायचं नसतं. रुमालसुद्धा नाही. ढकलूनही न्यायचं नसतं, म्हणजे चाकाची खुर्चीही नाही. यावर त्यांच्याकडे फार जुना तोडगा आहे. वस्तीभोवती खांब रोवून त्यांच्या डोक्यावरून दोरी न्यायची. दोन खांब आणि वरची दोरी मिळून एक दार झालं. अशी दारंच दारं लागली, की आतली सगळी वस्ती मिळून एक घर. मग आत काहीही उचला, कोणालाही ढकला. याला ते एरुव म्हणतात. मी ते पुस्तकात वाचलं होतं आणि तेव्हा मला ती एक गमतीदार पळवाट वाटली होती. हदासा आणि तिचे सोबती उन्हात बांबू रोवताना दिसले तेव्हा तसं वाटेना. एका मुलीला दारापासून माळापर्यंत नेता यावं म्हणून ते चाललं होतं.

ती मुलगी म्हणजे शबनूर. आमच्यापासून तिसरं घर इमामबीचं, आणि शबनूर तिची नात. तिचे पाय जन्मापासून चालत नाहीत. आई नाही, बाप फक्रुद्दीन फाउंड्रीत पाळीवर. इमामबीला स्वतःलाच काठी लागते. शाळेने दिलेली चाकाची खुर्ची घरात होती, पण तिच्यावर बहुधा कपडे वाळत असत. सकाळी शाळेची गाडी इतर मुलांना आणता आणता शबनूरलाही उचलून न्यायची, दुपारी आणून सोडायची, आणि मग ती उंबऱ्याशी बसायची. माळावर पोरांचा फुटबॉल सुरू झाला, की तिथूनच मान उंच करून बघायची. दिसायचा फक्त उडालेला बॉल.

पहिल्याच शनिवारी हदासाने तिची खुर्ची माळाच्या कडेला नेऊन उभी केली आणि त्या पोरीने तोंड उघडलं. समालोचन! "बॉल आदर्शच्या पायात... आदर्श पळतोय... आदर्श पडला! काय रं, घरात जेवण न्हाई व्हय तुला!" कोल्हापुरात फुटबॉलवर बोलणाऱ्यांची वानवा नाही, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. माईक लागत नव्हता. खालच्या गल्लीतली पोरं खेळ थांबवून ऐकत उभी राहिली. नंतरच्या शनिवारी ती पोरं शबनूरला बोलवायलाच आली.

आता त्या रुपयाचं सांगतो, कारण सगळं तिथेच बिनसलं.

एरुवला दोरीबरोबर आणखी एक गोष्ट लागते. आतल्या वस्तीत दुसऱ्या धर्माचे लोक राहत असतील, तर त्यांच्याकडून ती जागा त्या दिवसापुरती वापरायला नाममात्र भाड्याने घ्यावी लागते. एखादं नाणं पुरतं. हदासा घरोघर गेली, प्रत्येकाच्या हातावर एकेक रुपया ठेवला. मी शेजारी उभा राहून समजावत होतो. समजावत होतो म्हणजे खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत काहीतरी बोलत होतो. इमामबी म्हणाली, "यहुदी म्हंजे मूसा पैगंबराची माणसं. ठेव बेटी." समोरच्या म्हशीवाल्या धोंडुबाईने रुपया पदराच्या गाठीत बांधला आणि विचारलं, "दूध किती लागंल यांस्नी?" गुंडू घरी नव्हता, त्याच्या बायकोने रुपया घेतला.

रोवलेले बांबू, ताणलेली दोरी, साक्षीदारासमोर हातावर ठेवलेला रुपया. आमच्या भागात याचा अर्थ एकच होतो. मोजणी झाली आणि इसार दिला. जमिनीचा व्यवहार असाच पक्का होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला मात्र त्या दिवशी ते सुचलं नाही. माझ्या डोक्यात पुस्तकातलं पान होतं.

गुंडू जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी करतो. तो माझ्याकडे आला तो थेट मुद्द्यावर.

"सर, साक्षीला तुमीच हुता न्हवं?"

"अरे, साक्षीला नाही. भाषांतराला."

"रुपया दिला का न्हाई?"

"दिला. पण तो इसार नव्हे. धर्माचा भाग आहे त्यांच्या."

"व्हय की. देवाच्या नावानं रुपया ठेवायचा तर देवळात ठेवत्यात. माझ्या बायकूच्या हातावर कशापायी?"

मी पुन्हा समजावलं. दाराची कल्पना सांगितली, शब्बाथ सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमी वाचलंय सर, मी भोगलंय. माझ्या बाच्या रानात असंच दोरी घेऊन आलते. मोजतो म्हणाले नुसतं. आज तिथं कंपाउंड हाय आणि आत जायला मला पास लागतोय."

हे खरं होतं. त्याचं ते रान गेलं तेव्हा त्याचा बाप आमच्या कट्ट्यावर बसून राहायचा, ते मला आठवतं. त्यामुळे त्याची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण जाता जाता तो आणखी एक बोलला, आणि खरा काटा मला तिथे दिसला. "या माळावर माझ्याबिगर इसार झाला असा एकबी व्यवहार न्हाई. परदेशातनं आलेल्यांनी आधी मला इचारायला नगं?"

मग फोनवर एक मजकूर फिरू लागला. 'सावधान! परदेशी संस्थेने रुपया इसार देऊन गल्ली घेतली. दोरी टाकून मोजणी पूर्ण. साक्षीदार एक निवृत्त ग्रंथपाल.' सरोजिनीने, माझ्या बायकोने, तो मला मोठ्याने वाचून दाखवला. "आयुष्यात पहिल्यांदा तुमचं नाव झालं," ती म्हणाली, "आणि तेही नाव न घेता." त्याखाली कोणीतरी ज्यूंच्या देशातल्या युद्धाचे फोटो टाकले, कोणी शिव्या टाकल्या. फक्रुद्दीनला फाउंड्रीत लोकांनी विचारलं, तुझी पोरगी कोणाच्या हातात देतोस? तो घरी येऊन आईवर ओरडला. इमामबीने काय उत्तर दिलं ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "टीव्ही मीबी बगते. तिकडं पोरंबाळं मरायल्यात, माझं काळीज काय दगडाचं न्हाई. पर त्या पोरीनं बंदूक आणल्या का हितं? तिनं माझी पोर भायेर काढली. तू काढलीस काय कवा?"

अभिरामला मी फोन केला. म्हटलं, शाळेच्या वतीने एक बैठक घे, लोकांना बोलावून सांग. तो म्हणाला, "सर, वातावरण बघा ना. शनिवारचं बंदच करू या. नाहीतरी रिपोर्टमध्ये ते येणार नव्हतं."

रिपोर्टमध्ये येणार नव्हतं! त्याला तिथेच खडसावायला हवं होतं. पण मी काय केलं? चहा प्यालो.

आता त्या शनिवारकडे येतो. दुपारी माळावर आमच्या गल्लीची मॅच खालच्या गल्लीशी होती. शबनूरने चार दिवस घसा जपला होता, थंड पाणी बंद केलं होतं. आणि सकाळी गुंडूने दोरी कापली.

हदासा दुपारी प्रार्थनेचं पुस्तक हातात घेऊन वसतिगृहाच्या पायरीवर आली. तिने वर बघितलं. दोरी नव्हती. ती आत गेली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली. तिच्यामागून बाकीची मुलंही तशीच, हात रिकामे ठेवून. मी विचारलं, दोरी मी बांधू का? तिने नकारार्थी मान हलवली. आज कोणाला बांधायला सांगणंही त्यांना चालत नाही. आणि बांबू तर मोडलेलेच होते.

शबनूर नवा ड्रेस घालून खुर्चीत तयार बसली होती. हदासा तिच्यासमोर उंबऱ्यावर बसली आणि मला म्हणाली, "तिला सांगा, आज मला ढकलता येणार नाही. पण मी इथे तिच्याबरोबर दिवसभर बसेन."

मी सांगितलं. शबनूर आधी माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "दोरी तुटली तर तुटली. रस्ता तर तोच हाय की."

"त्यांच्या धर्मात..." मी सुरुवात केली.

"आणि बसायचं काय सांगतीया? मी जल्मापास्नं बसलेलीच हाय."

हे मी हदासाला भाषांतर करून सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं. तिने मान खाली घातली. मी ढकलावी असंही तिने सुचवलं नाही. मला वाचून माहीत होतं, की तेही सुचवायचं नसतं.

एव्हाना माणसं जमली होती. अशा वेळी आमच्या गल्लीत माणसं फार लवकर जमतात. गुंडू पुढे आला, कोयता अजून काखेतच, माझा हात धरला आणि त्यावर रुपया ठेवला. "घ्या सर. इसार परत. चारचौघांत. हिशेब मिटला."

"माझा मी देत न्हाई," धोंडुबाई मागून ओरडली. "मला इकायचंच हाय! काय दर देत्यात इचारा की!"

लोक हसले. गुंडू म्हणाला, "गप ए म्हातारे." आणखी कोणी म्हणालं, पोलिसांत जाऊ. कोणी म्हणालं, मॅच सुरू व्हायला आली. माळावरून शिट्टी ऐकू आली तशी शबनूरने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या शिट्टीच्या दिशेला बघत होती, आणि पंधरा-वीस धडधाकट माणसं तिच्या आणि माळाच्या मधे उभी राहून जमिनीच्या दराबद्दल बोलत होती.

तेव्हा इमामबी काठी टेकत बाहेर आली.

"झालं काय बोलून?" ती म्हणाली. "त्यांस्नी दोरी लागती. त्यांचा धर्म हाय, त्यांचं ते बगतील. तुमास्नी काय लागतंय? तुमच्या कुटल्या पोथीत लिवलंय, शेजारची पोर ढकलू नगा म्हणून? बोल की गुंडू. दोरी तोडलास. तोडलास तर तोडलास. मग आता तू ढकल."

गुंडूने फोन काढून त्यात बघितलं. एकाने मुंडाशाचं टोक ठीक केलं. मला आजवर इतक्या निर्लज्ज शांततेत उभं राहण्याची वेळ आली नव्हती. सातासमुद्रापलीकडून आलेल्या मुलांनी बांबू रोवले, घरोघर जाऊन परवानगी मागितली, आपल्या धर्माला न मोडता ही पोर बाहेर कशी काढता येईल याची युक्ती केली. आणि आम्ही? आम्हाला ना दोरी हवी होती ना परवानगी. आम्हाला कोणी अडवलेलंच नव्हतं. न अडवता आम्ही अडून होतो, आणि वर गल्लीची राखण केल्याचा तोरा!

हे सगळं मला बोलायचं होतं. त्याऐवजी मी पुढे जाऊन खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ढकललं. खुर्ची हलली नाही. पुन्हा जोर लावला.

"आजोबा, ब्रेक काढा की आदी!" शबनूर म्हणाली.

मागे कोणीतरी खिदळलं. ब्रेक कुठे असतो हेही मला माहीत नव्हतं. तिनेच खाली वाकून तो काढला. खुर्ची एकदम सुटली आणि मी तिच्यामागे धावल्यासारखा चालू लागलो. हदासा आणि तिचे सोबती बरोबरीने चालत होते, हात पाठीमागे बांधून. खड्डा आला की हदासाचे हात नकळत पुढे येत आणि ती ते परत मागे घेई. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

माळाच्या तोंडाशी चढ आहे. तिथे फाउंड्रीची वाळू साचते. पुढची लहान चाकं तिच्यात रुतली आणि खुर्ची तिरकी झाली. मी जोर लावला, तर चाकं आणखीच आत गेली. माझा दम संपला होता. सगळा जमाव मागून आला होता, बघायला. गुंडू सगळ्यांत पुढे.

"नाटक लावलंय सर तुमी," तो म्हणाला. "उद्या पेपरात देशिला, आमी राक्षस म्हणून."

"गुंडू!" मी ओरडलो. हा माझाच आवाज आहे हे मला उशिरा कळलं. "तोंड मीट आणि पुढची बाजू उचल! वर्षं झाली या गल्लीत राहून, कसली जमीन राखतोस रे? हिला या जमिनीवर पाय ठेवता येत नाही, आणि तू जमिनीचा दर ठरवतोस? धर म्हणतो ना!"

पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही. सरोजिनी नंतर म्हणाली की बरंच बोललात, आणि त्यातलं काही तिला लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकायला मिळालं.

गुंडूचं तोंड उघडंच राहिलं. मारतो की काय, असं मला वाटलं. मग त्याने कोयता धोंडुबाईच्या हातात दिला, वाकला आणि पुढची बाजू उचलली. "उचलतो," तो दात खाऊन म्हणाला, "पर जमीन देणार न्हाई, आत्ताच सांगतो. कुणालाच देणार न्हाई." आणि चढ संपेपर्यंत तो तेच म्हणत राहिला.

माळावर खेळ सुरू होऊन गेला होता. शबनूरने श्वाससुद्धा घेतला नाही. "आदर्श, मागं कोण बगणार, तुझा मामा? पास दे! दिला... दिला... खालच्या गल्लीचा गोली झोपलाय, कुणीतरी उठवा रं त्याला!" गोलरक्षकाने तिच्याकडे हात करून काहीतरी सुनावलं आणि तेवढ्यात त्याच्या बाजूने बॉल आत गेला. माळ नुसता उठला. ज्यांनी सकाळी दोरी तुटताना बघितली होती, तीच माणसं आता तिच्या खुर्चीभोवती कोंडाळं करून, ती काय म्हणते ते ऐकायला माना पुढे काढून उभी होती.

मला त्यांचा आनंद बघवत नव्हता. किती सहज त्यात सामील झाले होते!

मॅच संपली. पोरं घरी निघाली. माणसं कपडे झटकत पांगू लागली, आणि शबनूर खुर्चीत बसून राहिली. माझे गुडघे गेले होते, पण थोडं रेटलं असतं तर मी तिला नेऊ शकलो असतो. मी मुद्दामच हात पुढे केला नाही. खुर्चीपासून चार हात दूर उभा राहिलो. हदासाने माझ्याकडे पाहिलं. जाणारी माणसं थांबली, आधी मला, मग एकमेकांना बघू लागली. गुंडू हाताचे तळवे बघत होता, त्यांना काळी वाळू लागली होती.

कोणीच हललं नाही. मी तसाच उभा राहिलो. रात्र झाली तरी हलायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

शेवटी धोंडुबाई पुढे आली. शेणाचे हात तिने पदराला पुसले आणि गुंडूचा कोयता त्याच्या पायाशी टाकला. "बगत काय ऱ्हायलायसा, मुडद्यांनो," ती म्हणाली आणि मुठी धरून अशी निघाली की खुर्ची उतारावर उडू लागली. शबनूर किंचाळली, "आजी, हळू!" हदासा घाबरून तिच्या मागे पळाली, तिला येणारा एकुलता एक मराठी शब्द ओरडत. गुंडू जरा वेळ उभा राहिला, मग तोही धावला आणि खुर्चीची एक बाजू धरली.

मी मागून सावकाश चालत गेलो. वाटेत कोणीतरी म्हणालं, "सर, लई भारी बोललासा आज." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. राग अजून उतरला नव्हता, आणि इतक्यात तो उतरू देणं मला बरोबर वाटत नव्हतं.